वकिलात उघडली, आता दप्तर उघडा

पुणे, नोव्हेंबर २०२५

प्रति,
भारताचं अफगाणिस्तानविषयक धोरण ठरवणारे मंत्री, सचिव आणि अधिकारी,
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

आमच्या माळ्यावर एक निळी पत्र्याची ट्रंक आहे. हेरातच्या एका मुलीची. मार्च २०२१ मध्ये ती आईला भेटायला गेली ती दोन महिन्यांत परत यायच्या बोलीवर, म्हणून सामान इथंच ठेवून गेली. ट्रंकेवर तिनं स्वतःच्या हातानं पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव-गाव घातलंय, एका बाजूला फारसी लिपीत, दुसऱ्या बाजूला देवनागरीत. 'हेरात'मधला 'ह' उलटा झालाय. आत दोन स्वेटर, छोटा कुकर, कॅल्क्युलेटर, संख्याशास्त्राच्या वह्या आणि कॉलेजला न्यायची तिची खाकी पिशवी. दरवर्षी मृगाच्या आधी मी ट्रंक खाली उतरवून घेते, सामानाला ऊन दाखवते, डांबराच्या गोळ्या बदलते आणि पुन्हा वर चढवते. यंदा पाचवी खेप होती.

१० ऑक्टोबरला दिल्लीत जाहीर झालं की काबूलमधलं आपलं तांत्रिक पथक आता पुन्हा पूर्ण दूतावास होणार. २१ तारखेला ते अमलातही आलं. बातमी वाचली आणि माझी नजर आधी माळ्याकडे गेली. मग मी दोन्ही देशांचं संयुक्त निवेदन शोधून काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. खाणी होत्या, हवाई मालवाहतूक होती, सलमा धरण होतं, दवाखाने होते, क्रिकेटही होतं. तालिबानच्या राजवटीत सहावीच्या पुढच्या मुलींच्या शाळा चार वर्षं बंद आहेत, याबद्दल एक ओळ मला सापडली नाही.

आधी दोन ठिकाणी खासगीत लिहून पाहिलं, उत्तर आलं नाही. म्हणून हे सर्वांसमोर लिहिते आहे.

मी पुण्यात ३१ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर घराची मागची खोली परदेशी विद्यार्थिनींना देऊ लागले. २०१६ ते २०२१ या काळात सात अफगाण मुली तिथं राहून गेल्या, काबूलच्या, मझारच्या, एक बामियानची. ट्रंकवाली शेवटची. तिचं नाव इथं लिहीत नाही. तिच्या घरच्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. ती मला आधी 'खाला' म्हणायची, म्हणजे मावशीच. पुढं मावशीच म्हणायला लागली.

पहिल्याच आठवड्यात शेजारची शाळकरी पोरं बघून ती मला म्हणाली, "मावशी, तुम्ही पाठीवरच्या पिशवीला दप्तर म्हणता?" त्यांच्याकडे दफ्तर म्हणजे कचेरी, आणि वहीसुद्धा. मी तिला सांगितलं की आमच्याकडेही कचेरीतल्या कागदपत्रांना दप्तरच म्हणतात, पुण्यात तर पेशवे दप्तराची आख्खी इमारत आहे. पेशवा म्हणजे पुढं चालणारा, हे मला तिनं सांगितलं. त्या दिवसापासून आम्ही एका वहीत दोन्हीकडचे सारखे शब्द लिहायला लागलो. कागद, दरवाजा, शहर, हवा, बाजार, जमीन, आवाज, दरमहा. फडणवीस या आडनावातला 'नवीस' म्हणजे लिहिणारा, यावर तिचा बराच वेळ विश्वास बसेना. वही दोनशेच्या पुढं गेली.

एकदा तिनं 'पानिपत झालं' म्हणजे काय ते विचारलं. मी १४ जानेवारी १७६१ ची हकिकत सांगितली. ज्याला आपण अब्दाली म्हणतो तो तिच्या शाळेच्या पुस्तकात 'अहमदशाह बाबा'. रात्री जेवताना आम्ही दोघीही जरा गप्पच होतो. मग तिनं वरणाचा वास घेतला आणि विचारलं, "आज माझ्या आईचा हिंग घातलात?" तिच्या आईनं पाठवलेला होता खरा, कागदाच्या पुडीत, खड्यांचा, इतका उग्र की डबा बाल्कनीत ठेवावा लागायचा.

हिंगाचं मुद्दाम सांगते. दिल्लीत अफगाणिस्तान म्हटलं की नकाशा पुढं येतो. आमच्या घरात तो फोडणीतून येतो. भारत वर्षाला सुमारे १,२०० टन कच्चा हिंग बाहेरून आणतो, मुख्यतः अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून. आपल्या देशात हिंगाची शास्त्रशुद्ध लागवड लाहौलच्या खोऱ्यात सुरू झाली तीच मुळी २०२० मध्ये. जर्दाळू, अंजीर, बेदाणा यांचंही तेच. तो देश आपल्यापासून लांब आहे असं कुणी म्हटलं की मला त्याला स्वयंपाकघरात न्यावंसं वाटतं.

आणि तिथली घडी विसकटली की काय येतं, तेही आपण पाहिलंय. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं, वाटेत अपहरण झालेलं आपलं विमान कंदाहारच्या धावपट्टीवर उभं होतं आणि तिथं सत्ता कुणाची होती ते सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळी सुटलेल्या मसूद अझहरनं पुढच्याच वर्षी जैश उभी केली. पुलवामा त्याच संघटनेचं. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात शंखजिऱ्याच्या नावाखाली आलेलं जवळपास ३,००० किलो हेरॉइन सापडलं, तेही अफगाणिस्तानातून इराणमार्गे आलेलं. आमच्या न्हावा-शेव्यातही असा माल पकडला गेलाय. तेव्हा काबूलमध्ये आपला माणूस बसलेला असावा, बोलणं चालू असावं, याला माझा विरोध नाही. रशियानं जुलै २०२५ मध्ये तालिबान सरकारला मान्यता दिली, चीननं त्यांचा राजदूत केव्हाच स्वीकारला. आपण दार लावून बसलो तर आपलंच नुकसान, हे मलाही कळतं.

माझा प्रश्न पुढचा आहे. तुमच्या निवेदनांत 'स्थैर्य' हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ तुम्ही काय धरता? रस्ते सुरक्षित, बंदर चालू, आपल्याविरुद्ध कुणाला जागा नाही, एवढाच? आयुष्यभर आकडे शिकवले म्हणून सांगते, आलेख सपाट दिसला की विद्यार्थी लगेच 'स्थिर' लिहून मोकळे होतात. मी त्यांना आधी विचारायची, मोजणी चालू आहे ना? चार वर्षं ज्या देशातल्या मुली वर्गात नाहीत, बायका कचेऱ्यांत नाहीत, त्या देशातली शांतता मोजली कुणी?

रशियनांनी ही चूक केली. डिसेंबर १९७९ मध्ये फौजा घेऊन आले, फेब्रुवारी १९८९ मध्ये पूल ओलांडून गेले, मागं यादवी. अमेरिकेनं २० वर्षं खर्ची घातली आणि शेवटी २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात करार केला तो फक्त तालिबानशी; तिथं ना अफगाण सरकार होतं, ना अफगाण बायका. दीड वर्षात काबूल पडलं. दोघांनाही तो देश हवा होता, तिथली माणसं त्यांच्या हिशेबात नव्हती.

आपण वेगळे होतो. हे मी खुशामत म्हणून लिहीत नाही, माझ्या घरात त्याचा पुरावा राहत होता. तिचे वडील सलमा धरणावर मोजणीदारांच्या हाताखाली कामाला होते. हरीरूद नदीवरचं, चिश्त-ए-शरीफजवळचं ते धरण. हो, तेच चिश्त, ज्याच्यावरून अजमेरच्या ख्वाजांच्या परंपरेला नाव मिळालं. ४२ मेगावॉट वीज, ७५,००० हेक्टरला पाणी. धरणावरच्या चौक्यांवर हल्ले झाले, पहारेकरी मेले, तरी काम थांबलं नाही आणि ४ जून २०१६ ला ते सुरू झालं. वडिलांनी तिला सांगितलं होतं, या लोकांनी बंदूक न आणता पाणी आणलं, तू शिकायला त्यांच्याकडे जा. झरंज-देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा सडकवाल्यांनी बांधला, तिथंही आपली माणसं गेली आणि त्यांची त्याहून कितीतरी जास्त. ७ जुलै २००८ ला काबूलच्या आपल्या दूतावासावर स्फोट झाला, ५० हून अधिक जीव गेले, तरी आपण तिथून उठलो नाही. संसद बांधून दिली. ३४ च्या ३४ प्रांतांत मिळून ४०० वर लहानमोठी कामं केली. आणि दर वर्षी १,००० मुलामुलींना शिष्यवृत्ती देऊन इथं आणलं.

या सगळ्यात सर्वांत टिकाऊ काम शेवटचं होतं. शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई हे तालिबानचे मोठे नेते. १९८० च्या दशकात डेहराडूनच्या आपल्या लष्करी प्रबोधिनीत त्यांनी प्रशिक्षण घेतलं होतं. परराष्ट्र खात्याचे उपमंत्री असताना जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी जाहीर भाषणात सांगितलं की मुलींना शिक्षणापासून रोखायला कसलाही आधार नाही. त्यानंतर ते देश सोडून अमिरातीत गेल्याच्या बातम्या आल्या. डेहराडूनमुळेच ते असं बोलले असा दावा मी करणार नाही. पण इथं शिकून गेलेला माणूस चाळीस वर्षांनंतर कुठल्या खुर्चीवर असेल आणि काय बोलेल, हे धरणाच्या भिंतीसारखं आधी मोजता येत नाही. म्हणूनच त्याची किंमत धरणाहून कमी धरू नका.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार २५ ऑगस्ट २०२१ ची. त्या दिवशी गृह खात्यानं जाहीर केलं की भारताबाहेर असलेल्या सर्व अफगाण नागरिकांचे आधी दिलेले व्हिसा रद्द. कारण दिलं होतं की काही अफगाण पासपोर्ट गहाळ झाल्याचं कळलं आहे. काळजी रास्त होती. पण गहाळ झालेले पासपोर्ट काही. व्हिसा रद्द झाले सगळ्यांचे. सुट्टीला किंवा टाळेबंदीत घरी गेलेली, पैसे भरलेली, वर्गात नाव असलेली मुलं एका दिवसात बाहेरची झाली.

आमच्या ट्रंकवाल्या मुलीचं चौथं सत्र चालू होतं. एम. एस्सी. चं शेवटचं. लेखी परीक्षा तिनं जुलैमध्ये हेरातहून मोबाइलवर दिली. आपल्याकडे १० वाजता पेपर, म्हणजे तिच्याकडे ९. वीज जाईल म्हणून शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईची बॅटरी आणून ठेवलेली. १२ ऑगस्टला हेरात पडलं. प्रकल्पाची तोंडी परीक्षा सप्टेंबरमध्ये होती आणि ती समोर येऊनच द्यायची होती. तेवढी एक राहिली. ५० गुणांची.

मी तिचं अधिकारपत्र घेऊन एका कचेरीत चार वेळा गेले. खिडकीवरचे गृहस्थ चांगले होते, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "बाई, मुलगी येऊ शकत नाही हे मला पटतंय, पण अर्जात तसा रकाना नाही." तातडीचा ई-व्हिसा म्हणून जी नवी सोय केली होती तिथं तिनं सप्टेंबर २०२१ मध्ये अर्ज भरला. पडद्यावर 'प्रक्रिया सुरू आहे' एवढंच यायचं. २०२२ तसंच गेलं, २०२३ तसंच गेलं. २०२५ च्या एप्रिलअखेरीस नवी व्हिसा व्यवस्था आली, त्यात विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रकार आहे, हे चांगलं झालं. पण त्यासाठी प्रवेश चालू असल्याचं पत्र लागतं, आणि तिच्या नोंदणीची मुदत कधीच संपली. मुदत संपली कारण येता आलं नाही, येता आलं नाही कारण व्हिसा रद्द झाला. हा फेरा तिनं सुरू केलेला नाही.

पदवीच्या कागदावर सावित्रीबाईंचं नाव असतं. इथं असताना तिनं मला विचारलं होतं की विद्यापीठाला जिचं नाव दिलंय ती बाई कोण. मी तिला भिडे वाड्याच्या गल्लीत घेऊन गेले होते. १८४८ मध्ये इथं मुलींची शाळा काढली आणि लोकांनी तिच्या अंगावर शेण टाकलं, एवढं सांगितल्यावर तिनं पुढचं मला सांगू दिलं नाही. म्हणाली, "पुढचं मला माहीत आहे."

दुसरी तक्रार. ऑनलाइन शिष्यवृत्ती दिली म्हणून मुलींची सोय झाली, असं तुम्ही मानता. १,००० ऑनलाइन जागा दिल्यात, त्याबद्दल आभारी आहे, कित्येकींना त्याचा आधार झाला असेल. पण तो धागा कुणाच्या हातात आहे ते सप्टेंबरमध्ये दिसलं. आधी बल्खसारख्या प्रांतांत फायबरचं इंटरनेट तोडलं, मग २९ सप्टेंबरला सगळ्या देशाचंच. दोन दिवस मी पाठवलेल्या निरोपावर एकच टिक. १ ऑक्टोबरला संध्याकाळी दुसरी टिक आली तेव्हा मी देवापुढं दिवा लावत होते. तिनं लिहिलं होतं, "मावशी, आम्ही आहोत." ज्या शिक्षणाचा दिवा दुसऱ्याच्या बटणावर आहे, त्यावर आपण सगळी भिस्त ठेवू शकत नाही. शिवाय प्रयोगशाळा, दवाखाना, रुग्ण हे फोनवर शिकता येत नाहीत.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त खुपते. ऑक्टोबरच्या बोलण्यांत तुम्ही पक्तिका, खोस्त आणि पक्तिया या प्रांतांत पाच प्रसूतिगृहं बांधून द्यायचं मान्य केलंत. उत्तम काम. पण डिसेंबर २०२४ मध्ये तिथं मुलींचं परिचारिका आणि सुईणीचं शिक्षणसुद्धा बंद केलं गेलं. विद्यापीठं तर २० डिसेंबर २०२२ पासूनच बंद. मग या पाच इमारतींत बाळंतपणं करायची कुणी? आज कामावर असलेल्या सुईणी आणखी दहा-पंधरा वर्षं हात चालवतील. त्यांच्या मागं कुणी नाही. ३१ ऑगस्टला कुनारमध्ये भूकंप झाला, दोन हजारांवर माणसं गेली. परक्या बाईला हात लावायला पुरुष कचरत होते आणि बायकांना तपासायला बाई नव्हती, अशा बातम्या आल्या. आपण तंबू आणि धान्य ताबडतोब पाठवलं. ढिगाऱ्याखालच्या बाईपर्यंत पोचायला मात्र दुसरी शिकलेली बाई लागते, आणि ती तयार व्हायला चार वर्षं लागतात. ही चार वर्षं वाया गेली आहेत. पुढची चार जाऊ देऊ नका.

चौथी तक्रार थोडक्यात. १० ऑक्टोबरला दिल्लीत अफगाण परराष्ट्रमंत्र्यांच्या वार्ताहर परिषदेत एकही महिला पत्रकार नव्हती. आपला त्या आयोजनाशी संबंध नव्हता, असं तुमच्याकडून सांगण्यात आलं. पण देशभर आवाज उठला आणि १२ तारखेला दुसरी परिषद झाली, तीत महिला पत्रकार बसल्या, त्यांनी मुलींच्या शाळांबद्दल तोंडावर प्रश्न विचारले. म्हणजे आग्रह धरला तर दोन दिवसांत फरक पडतो. मग तो आग्रह पत्रकारांनीच का धरावा?

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहते. २३ मार्च २०२२ ला तिथं मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार असं जाहीर झालं होतं. आमच्या मुलीची धाकटी बहीण तेव्हा नववीत. आईनं बाजारातून नवं दप्तर आणलं, जुन्याचा पट्टा तुटला होता. सकाळी पोरगी गेली, मैत्रिणींना मिठ्या मारल्या, आणि काही तासांत वरून हुकूम आला, घरी जा. ती दारातून आत आली, दप्तर दारामागच्या खिळ्याला अडकवलं आणि जेवायला बसली. थोरलीनं मला त्या खिळ्याचा फोटो पाठवला होता. दप्तरावर किमतीची चिठ्ठी तशीच होती.

ती धाकटी आता अठराच्या पुढं आहे. बहिणीकडे गणित शिकते. इथं राहिलेल्या वह्यांची पानं मी फोटो काढून पाठवते, त्या त्यावरून शिकतात.

मला माहीत आहे, याला दोन उत्तरं तयार असतात. एक, हा त्यांचा अंतर्गत मामला. दोन, आपण जास्त बोललो तर आपली जागा दुसरा घेईल. म्हणून मी मागण्या करताना तालिबाननं काय करावं ते लिहीत नाही. आपल्या खणात, आपल्या किल्लीनं जे उघडतं, तेवढंच मागते. शिष्यवृत्त्या कुणाला द्यायच्या हे ठरवायला आपल्याला कंदाहारला बसलेल्या तालिबानच्या प्रमुखाची परवानगी लागत नाही.

ऑगस्ट २०२१ पूर्वी भारतात प्रवेश घेतलेल्या आणि शिक्षण अर्धवट राहिलेल्या प्रत्येक अफगाण विद्यार्थ्यासाठी एकदाच, एक खास आदेश काढा. ज्यांना यायचं आहे त्यांना मुदत संपलेल्या प्रवेशावरही व्हिसा द्या. ज्यांना येता येणार नाही त्यांची तोंडी परीक्षा दूरदृश्य पद्धतीनं घेऊ द्या, ओळख पटवायचं काम आणि गुणपत्रकं, पदव्या पोचवायचं काम काबूलच्या दूतावासाकडे द्या. एक खोली, एक संगणक आणि एक जबाबदार अधिकारी एवढंच लागेल. विद्यापीठं तयार होतील, त्यांना फक्त वरून कागद हवा आहे. अर्जात तो रकाना तुम्हीच घालू शकता.

अफगाणांसाठीच्या शिष्यवृत्त्यांपैकी निम्म्या मुलींसाठी राखून ठेवा, आणि त्यातल्या ठरावीक जागा इथं येऊन शिकण्याच्या ठेवा. त्या मुलीबरोबर वडील, भाऊ किंवा नवरा यांपैकी एकाला सोबतीचा व्हिसा द्या. घरच्या पुरुषाच्या सोबतीशिवाय तिला लांबचा प्रवास करता येत नाही, हे ठाऊक असून एकटीलाच व्हिसा देणं म्हणजे न देण्यासारखंच आहे.

पाच प्रसूतिगृहांच्या करारात सुईणी घालून द्या. परिचारिका आणि सुईणीच्या प्रशिक्षणाच्या जागा आपल्या महाविद्यालयांत राखून ठेवा. दिल्लीत, पुण्यात निर्वासित म्हणून राहणाऱ्या अफगाण मुलींनाही त्या खुल्या ठेवा. त्यांच्यातल्या कितीतरी जणी बारावी होऊन घरी बसल्या आहेत. महाराष्ट्रात परिचारिका घडवण्याची जुनी परंपरा आहे, राज्य सरकारला विचारून पाहा.

इथं असलेल्या ज्या अफगाणांच्या पासपोर्टची मुदत संपली आहे आणि ज्यांना नूतनीकरणासाठी आता दिल्लीतल्या अफगाण वकिलातीत जायची भीती वाटते, त्यांना राहण्याचा आणि शिकण्याचा स्वतंत्र कागद द्या. आज त्यांना साधं सिमकार्ड मिळत नाही, घरमालक करार करत नाहीत. आपण निर्वासितांच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, पण माणुसकीनं एक कागद द्यायला कुठला करार आड येत नाही.

आणि काबूलशी होणाऱ्या प्रत्येक मंत्रिस्तरीय बैठकीच्या विषयपत्रिकेवर मुलींच्या शाळा हा विषय ठेवा. काय उत्तर मिळालं ते वर्षातून एकदा संसदेच्या पटलावर मांडा. उत्तर 'नाही' असेल तर 'नाही' असं लिहा. विचारलं होतं, एवढं तरी त्या मुलींना कळू द्या.

या पत्राबरोबर सह्यांची मोहीम वगैरे नाही. माझ्यासारख्या पुण्यात बऱ्याच जणी आहेत, ज्यांच्या घरी या मुली राहिल्या, ज्यांच्या कट्ट्यावर बसून त्यांनी बाराखडी गिरवली. त्यांनी आपापलं पत्र आपापल्या शब्दांत लिहावं अशी माझी त्यांना विनंती आहे.

पहिल्या मागणीत बसणारी एक मुलगी मला ठाऊक आहे. तिची तीन सत्रांची गुणपत्रकं, प्रकल्पाची बांधलेली प्रत, भरलेल्या फीच्या पावत्या आणि व्हिसाच्या दोन्ही अर्जांचे क्रमांक माझ्याकडे एका फायलीत लावून ठेवलेले आहेत. तुमच्यापैकी कुणीही मागितले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवीन. मूळ प्रती तिच्या ट्रंकेत आहेत. त्या मी तिच्याच हातात देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
पुणे